गढीवरचं जेवण

श्रीगोंदा

आईला अंगदचा पाया पडून नमस्कार.

मी बरा आहे, काळजी करू नकोस. फोनवर सांगायची लाज वाटली, म्हणून लिहितोय.

परवा इथल्या एका गावात गढी बघितली. पिढ्यानपिढ्या एकाच घराण्याने राखलेली, दारांना अजून तेल देतात. घरच्या सविताकाकूंनी सगळी हिंडून दाखवली आणि म्हणाल्या, "जेवूनच जायचं बरं का!" मी हो म्हणालो, आणि बारव बघून येतो म्हणून निघालो. वाटेत कुस्त्या लागल्या होत्या. तू मला ओळखतेसच.

दिवस मावळताना गढीवर राहिलेली पिशवी आणायला गेलो, तर ताटं तशीच मांडलेली. पाहुण्याने हो म्हटलं की त्याच्याआधी त्या घरात कुणी जेवत नाही म्हणे. घरातले म्हातारे भागवतआबा शुगरवाले, त्यांचे हात थरथरत होते. तरी म्हणाले, "आलास व्हय? आदी हात धू. कुठं गेल्तास ते मग सांग."

घास उतरेना गं.

अण्णांचा गुडघा कसा आहे? दर रविवारी मी येतो म्हणतो, तेव्हा तूही अशीच थांबतेस का? या वेळी येतो असं लिहीत नाही. तू वेळेवर जेवून घे.

तुझाच,
अंगद