तीन म्हणायच्या आत

३ मार्च, सोमवार

नाही, डायरी, तू गप्प बस! तुला काय, कोरं राहिलं तरी चालतं. मला नाही राहता आलं.

आमच्याकडे मतदान अंगठ्याने होतं. साहेब एक, दोन, तीन मोजतात आणि तीनला सगळ्यांनी एकदम अंगठा दाखवायचा. वर म्हणजे आमच्या गोळ्यांची आठवण देणाऱ्या ॲपची नवी आवृत्ती लोकांसाठी सोडा, खाली म्हणजे थांबा. एकदम का, तर कुणी कुणाचं बघून करू नये! साहेबांना पाठीमागे सगळे कुटुंबप्रमुख म्हणतात. दर दोन वाक्यांनी 'आपण कंपनी नाही, कुटुंब आहोत'.

सकाळी कॉफी मशीनपाशी ठरलं होतं — सगळ्यांचा खाली. ठरवलं ताईनेच — सख्खी नाही, ऑफिसातली. चाचण्यांचं काम तिचं, चूकही तिनेच पकडलेली. फोनची रेंज गेली की 'गोळी घेतली' ही नोंद पुसली जाते, आणि आठवण पुन्हा वाजते. म्हातारी माणसं पुन्हा घेतील की!

'पक्कं ना गं?' मला विचारत होती. मला!

तीन. माझा खाली. एकटीचा. ताईचा वर.

कुटुंबप्रमुख म्हणाले, 'असू दे, घरात एखादं रुसकं पोर असतंच.' सगळे हसले. ताईसुद्धा.

४ मार्च

ताई जेवायला शेजारी येऊन बसली. डबा माझ्याकडे सरकवला. 'फुगा फोड आता. सोडायच्या आधी दुरुस्त होतंय ते. माझ्यावर विश्वास नाही?'

आहे ना. तोच तर घोळ. हिनेच मला इथे उभं राहायला शिकवलं.

६ मार्च

आवृत्ती लोकांपर्यंत गेली. केक कापला. 'झालं ना ते?' मी विचारलं. 'झालं गं बाई!'

त्या आठवणींचे शब्द माझे. नोकरीच ती — फोनने माणसासारखं कसं बोलावं ते लिहायचं. कुणी छापत नाही अशा कथा लिहिणारीला याहून बरं काम कोण देणार? 'जेवण झालं ना? मग आता ती पांढरी गोळी. पाणी भरपूर हं!' आईच्या फोनवर ॲप मीच घालून दिलंय. तिला भारी कौतुक. 'तूच बोलतेस असं वाटतं गं.'

८ मार्च, शनिवार

शेजारच्या काकूंचा फोन. आई बाथरूममध्ये बसून राहिली होती, उठताच येईना. रक्तदाबाची गोळी, दोनदा. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

आता बरी आहे. उशाशी बसून विचारलं, 'अगं, एकदा घेतली होतीस ना? मग?'

'हो. पण तू परत सांगितलंस.'

९ मार्च

आईच्या फोनमधून काढून टाकलं. ती म्हणते, 'राहू दे की, सोबत होती.'

१० मार्च

ताईला सांगितलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

'अगं पण तू काढलं नव्हतंस? मी तर माझ्या बाबांच्या फोनमधून मतदानाच्या आधीच—'

थांबली.

आधीच! म्हणजे कॉफी मशीनपाशी 'पक्कं ना गं' म्हणत होती, तेव्हासुद्धा तिला माहीत होतं आपला अंगठा कुठे जाणार ते. केसाने गळा कापणे — शाळेत वाक्यात उपयोग करून मार्क मिळवले होते. गळा कुणाचा, ते आत्ता कळलं.

११ मार्च

पुन्हा मीटिंग. दुरुस्ती गुपचूप करायची, लोकांना कळवायचं नाही. 'घरातलं घरात!' ताई खिडकीबाहेर बघत होती.

'एक.'

माझं मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये लिहून तयार होतं. 'गोळी एकदाच घ्या. मी परत सांगितलं तर ऐकू नका. चूक आमची आहे.'

'दोन.'

पाठवलं. ॲप असलेल्या सगळ्यांना. टेबलावरचे फोन एकदम वाजायला लागले. मी बॅग उचलली आणि दार ओढून घेतलं.

तीन ऐकायला मी नव्हतेच.