पाटावरची चिठ्ठी

प्रिय निशिगंधा,

कागदावर तुला लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा अक्षर बघून हसू नकोस. दिवसभर हातात ब्रश असतो, पेन धरलं की बोटं गोंधळतात. हे पाकीट तुझी मैत्रीण सुरभी तुला देईल. तुझा पत्ता मी तिला विचारला नाही आणि तिनेही सांगितला नाही.

हमरापुरात सध्या पाय ठेवायला जागा नाही. बाबाजीकाकांच्या कारखान्यात ओटीवर, माळ्यावर, अंगणातल्या मांडवात, जिकडे बघावं तिकडे गणपती. मी आता आखणीला बसतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखतो. आमची रंगकाम करणारी धोंडुबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "कॉलेज सोडलेला पोर देवाला नजर देतो बघा." आणि वर मलाच ऐकवते, "डोकं तापलं तर ऊठ रे बाबा, बाप्पा तिरळा नको व्हायला." डोकं तापलं की मी उठतो. तुझी आठवण आली तरी उठतो. त्यामुळे काम बरंच मागे पडलंय.

आपला ग्रुप अजून आहे. निकेश रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतो, कुणी उत्तर देत नाही. तुझे व्हॉइस मेसेज मात्र मी जपून ठेवलेत. कुंडलिकेच्या काठावर उभी राहून बोलायचीस, निम्मे शब्द वाऱ्यातच जायचे. ते निम्मे शब्द ऐकायला मी फोन कानाशी लावून पेणच्या एसटी स्टँडवर उभा असायचो, गाड्या सुटून जायच्या. तू स्वतःचा फोटो कधीच लावला नाहीस. तिथे तुमच्या परसातला फणस. निकेश चिडवायचा, "काय गो फणस, पिकलीस का नाय?" तू चिडायची नाहीस. म्हणायचीस, जे मला ओळखतात त्यांना माझं तोंड माहीत हाय, बाकीच्यांना कशाला दाखवू? कोलाडला हॉटेलात बसून फोटो काढले, तर सगळे घरी पोचेपर्यंत ते टाकू द्यायची नाहीस. आम्ही तुला गुप्तहेर म्हणायचो. किती हसायचो गं आपण!

आणि मग गेल्या वर्षीचा हरेशचा तो व्हिडिओ. हरेश बाबाजीकाकांचा मुलगा, कारखान्याची जाहिरात करायला निघाला होता. मूर्तींची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक पाटाला गिऱ्हाइकाची चिठ्ठी चिकटवायची, ही आमच्याकडची जुनी रीत: नाव, गाव, फोन. हरेशला फक्त मूर्ती दिसल्या. बघणाऱ्यांनी चिठ्ठ्याही वाचल्या. तुझ्या बाबांचा फोन कधी लागत नाही म्हणून तुमच्या पाटावर तुझं नाव, तुझा नंबर. वेळीअवेळी कुणाकुणाचे फोन यायला लागले, काही बोलणी तर तू मलाही सांगितली नाहीस. त्यातला एक आपल्याच वर्गातला निघाला, तेव्हा मी त्याला कँटीनमध्ये धुतला. कॉलेजातले सर माफी माग म्हणाले. मी म्हटलं, नाय मागणार. बॅग उचलली आणि निघालो ते निघालोच. वाटलं होतं, तू खूश होशील. तू एवढंच म्हणालीस, "चार जणांना ठाऊक होतं, आता सगळ्या कॉलेजला झालं." त्यानंतर तुझा फोन बंद, ग्रुपमध्ये तुझ्या नावापुढे 'बाहेर पडली'. तुझ्यावरही मी खूप चिडलो होतो. त्याला अजून धुवावंसं वाटतं, पण तुझ्यावरचा राग कधीच गेला.

आता जे सांगायला लिहायला बसलो ते सांगतो. गेल्या आठवड्यात तुझे बाबा आले होते. त्यांना तू काहीच सांगितलेलं दिसत नाही. नेहमीसारखे हसले, मला पोह्याचे पापड दिले आणि काकांना म्हणाले, "माझा लागत नाय, पोरीचा लिहा." काकांनी मोठ्या अक्षरात लिहिलं. ती मूर्ती आखणीला माझ्यापुढेच आली. तुझा नवा नंबर वाचला नाही म्हटलं तर खोटं होईल. वाचला, आणि पाठही झाला. फोन काढून बसलो होतो, नुसता अंगठा टेकायचा राहिला होता. मग चिठ्ठी काढून टाकली, पाटावर नुसता क्रमांक घातला. आता सगळ्याच पाटांना तसंच करायचं, हे हरेशशी भांडून कबूल करून घेतलंय. निकेश तुझा नंबर मागत होता, त्यालाही नाही म्हटलं. पण तू मला न दिलेली गोष्ट माझ्याकडे आहे, हे तुला माहीत असायला हवं. नको असेल तर बदलून टाक, मी वाईट वाटून घेणार नाही. घेईन, पण सांगणार नाही. माझा नंबर तोच आहे. आणि मूर्ती न्यायला बाबांबरोबर तूच ये, दरवर्षी यायचीस तशी. त्या दिवशी मी डोलवीला मामाकडे असेन, काकांना सांगून ठेवलंय. बिनधास्त ये. डोळे तेवढे मी रेखलेले आहेत, ते चालवून घे.

तुझाच म्हणू की नको, ते तू ठरव,
प्रणित