धुळीतल्या गाडीतली लाल पिशवी

शुक्रवार, संध्याकाळ

पहिली आली शेजारची फिलू, मागून तिचा नवरा. आजच वसईहून दुबईला परतलेत.

"मावशी, धुळीत बेवारशी दिसली म्हणून म्युन्सिपाल्टीने आमची गाडी उचलली असेल, असंच वाटलेलं. पण खाली चकाचक उभी! पुसली कोणी?" फिलूने विचारलं.

मीच की! पण खरं सांगू, मला मागच्या सीटवरची लाल पिशवी बघायची होती. रोज काच पुसता पुसता सगळीच गाडी पुसून व्हायची. काय असेल पिशवीत? जीव टांगणीला.

आज फिलूने उघडली. सुकेळी, आपली वसईची सुकवलेली केळी! मागच्या खेपेला माझ्या बहिणीने माझ्यासाठीच दिलेली, ही बया द्यायलाच विसरली. आमच्या या करामा वस्तीच्या उन्हात दगड झालीत. तरी चघळतेय.

गाडीतून फिरवायला नेणार म्हणतात, रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर. पुढची सीट माझी.