दोघांची सुटी

भेस्तान, सुरत
दि. १२ जानेवारी १९९७

चि. सौ. नूतन हिला आबाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, बाळाचा पापा.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दीड महिना लावला, रागावू नकोस. रोज लिहायला बसायचो आणि उठायचो. अक्षर वाईट आहे, सावकाश वाच. वाचताना बाळ जावईबापूंजवळ दे आणि तू आधी खाली बस. तुझ्या बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या असं त्यांनी कळवलं, म्हणून धीर करतो.

तू लिहिलंस, "आईला फिरायला वेळ होता, माझ्या बाळंतपणाला नव्हता. आता तिने येऊच नये." तुझ्या जागी कोणीही हेच लिहिलं असतं. चूक माझी आहे.

एकतीस वर्षं कापडाचे लूम चालवले, कधी सुटी घेतली नाही. ऑगस्टमध्ये चक्कर येऊन पडलो तेव्हा शेठ म्हणाला, "काका, दो महिना आराम करो, फिर आओ." घरी सांगितलं तर तुझी आई म्हणाली, "मग तुमच्यापेक्षा शेठच शहाणा." मी स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडून यात्रेचं जुनं पुस्तक आणलं. आधी द्वारका, सोमनाथ करायचं आणि आल्याबरोबर तुला बाळंतपणाला आणायचं, असं ठरलं. तिला वाचता येत नव्हतं. मी चौथी पास, बोट ठेवून वाचायचो. जोडाक्षर आलं की मी चहा मागतो, असं शेजारच्या इंदुबाईला सांगून ती हसायची.

नूतन, ती द्वारकेला आलीच नव्हती. सुटीच्या पाचव्या दिवशी तुझी आई गेली.

तुला सातवा महिना होता, बीपी वाढलेलं. पोटुशीला अशी बातमी देत नाहीत. एसटीडीवरून जावईबापूंना सांगितलं. ते रडले आणि म्हणाले, आबा, सुटका होईपर्यंत नको. मग तुला न्यायला का येत नाही, याचं काय सांगणार? म्हणून तिचे दहावं-तेरावं झाल्यावर पुस्तकातली ती गावं मी एकटाच हिंडलो आणि तिथून कार्डं टाकली, कारण तू शिक्का बघतेस. आई समुद्राला भ्यायली, आईने बाळाला वाळे घेतले, हे सगळं मी मनाने लिहिलं. वाळे मात्र खरंच घेतले आहेत. धर्मशाळेतल्या माणसाने विचारलं, "कितने जन?" तर माझ्या तोंडून दोन निघालं. त्याने दोन गाद्या दिल्या. मी दोन्ही अंथरल्या.

बारशाला तिचा पाय मुरगळला असं कळवलं, तेही खोटं. इंदुबाई म्हणाली, सव्वा महिना थांबा, पोरीचं दूध आटेल. सव्वा महिना झाला तरी मी गप्पच. जावईबापू म्हणाले, तुम्हीच सांगा, माझ्याने होत नाही. त्यांना बोल लावू नकोस.

अजून एक राहिलं. ते जावईबापूंनाही माहीत नाही. त्या दुपारी मी वाचत होतो. ती म्हणाली, "छातीमा जळस." मी म्हणालो, एवढं पान होऊ दे, मग सोडा आणतो. माझं एक पान म्हणजे अर्धा तास, तुला माहीतच आहे. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मला वाटलं, डोळा लागला. म्हणून मी आवाज लहान केला आणि पान पुरं केलं.

डॉक्टर म्हणाला, आधी आणलं असतं तरी सांगता येत नव्हतं. मला ते पटत नाही.

हे वाचून झालं की डोक्यावरून पाणी घ्यावं लागेल. गरमच घे, थंडीचे दिवस आहेत, बाळ अंगावर पितं. आणि तिच्यावरचा राग सोड. तुला आणायची तिला फार घाई होती. जो राग आहे तो माझ्यावर धर.

मी कामावर जातो. टपाल कारखान्यावर साडेअकराला येतं, तेवढ्यापुरतं लूम बंद करून दारात येऊन उभा राहतो. येऊ नका असं लिहायचं असेल तर तसं लिही. पण दोन ओळी लवकर टाक, पोरी.

तुझा
आबा