लांब पेटी

प्रिय दादा,

बाबांच्या रंध्याची खर्र-खर्र आठवते ना? आणि त्यावर त्यांची पुटपुटती प्रार्थना? शाळेतल्या सगळ्या कविता मी त्याच ठेक्यावर पाठ केल्या.

बाबा गेले. पहाटेची प्रार्थना आटोपून कामाला उभे राहिले आणि फळीवरच डोकं टेकलं.

तेव्हा तुला मुद्दामच कळवलं नाही. घरातल्यांच्या शवपेट्या बाबा स्वतः करायचे, ठाऊक आहे तुला. आजीची पेटी करायला घेतली तेव्हा आजी अंगणात खिदळत होती; पेटी पुरी झाली आणि ती गेली. आईच्या वेळीही तेच. मी भांडलो तर म्हणाले, "मी कोण ठरवणारा? वरून माप येतं, मी लाकूड कापतो."

शेवटी ते एक पेटी करत होते. आम्हाला वाटलं, स्वतःचीच. पण त्यांना आत ठेवलं तर पायाशी हातभर जागा उरली. बाबांचं माप कधी चुकलं होतं का रे? त्यांच्यासाठी दुसरी आणली. ही लांब पेटी अजून तशीच भिंतीला टेकून उभी आहे. या घरात एवढं उंच कोणीच नाही.

"हा उंट माझी चौकट मोडणार!" असं बाबा कोणाला म्हणायचे?

म्हणून हात जोडतो, येऊ नकोस. रुसून गेलास, तसाच रुसलेला राहा.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बाहेर चौकटीवर डोकं आपटल्याचा आवाज झाला. दार उघडवत नाही. बाहेरून तुझाच आवाज येतोय, "धाकट्या, ही चौकट अजून ठेंगणीच ठेवलीस होय?"