पिवळं नख

मेडनहेड, इंग्लंड, मंगळवार, ८ नोव्हेंबर १९९४

डोकं अजून तापलंय. रक्तावरून शरीरातली सूज ओळखणारी आमची स्वस्त पट्टी आज पाहुण्यांना दाखवायची होती. मी माझंच बोट टोचून रक्त लावलं. आकडा भलताच वर गेला. बॉस म्हणाला, "हाताला करी लागली असेल!" सगळे हसले. सकाळी फोडणीत हळद घातली होती, नख पिवळं होतं, कबूल. पण म्हणून पट्टी थेट कचऱ्यात? आणि मी मुकाट्यानं नख घासत बसले!

नवरा डॉक्टर. घरी सगळं सांगितलं, तर त्यानं तेच बोट दाबलं. मी कळवळले.

"अगं, सांधे सुजलेत तुझे. कधीपासून?"

महिनाभर सकाळी मूठ वळत नाहीये. पट्टी खरं सांगत होती. ती मी बनवली, आणि विश्वास ठेवला त्या मेल्याच्या विनोदावर!