तापीमाय पाहुणी

बेटावरून, भाद्रपद १९५९

चि. रुपचंद,

मी इथं एकटी, म्हणून तू बेट विकायचं म्हणतोस.

ज्या गोऱ्या साहेबानं हा बंगला बांधला, त्यानं पुरात दारं लावून घेतली आणि भिंत गेली. पुढं पारशी शेटनंही तेच केलं. आपल्या आबांनी बेट घेतलं तेव्हा ते मला म्हणाले, "तापीमाय पाहुणी शे. दोन्ही दारं उघडी ठेव."

परवा पूर आला. मी दारं उघडून माळ्यावर बसले. तापीमाय पुढच्या दारानं आली, मागच्या दारानं गेली. भिंती उभ्या आहेत. अंगणातल्या गाळात आज मेथी पेरली. विक्रीच्या कागदावर मी सही करणार नाही.

काठावरून तुझीच हाक येते आहे, "अक्का, डोंगा धाड!"

पत्र राहू दे, नाव घेऊन येते, समोरच सांगते. पाय धुऊ नकोस, घरभर गाळच आहे.

तुझी अक्का,
भागाबाई